हो म्हणू?

तिनं एक्झिट लिहिलं, तर पडद्यावर एक्झिट उमटलं आणि दुसरं काहीच झालं नाही. क्विट लिहिलं, तर एक्झिटच्या शेपटीला क्विट चिकटलं. मग स्टॉप, मग एंड, मग चिडून नुसताच एन्टर, एन्टर, एन्टर. बाहेर पडायचे सगळे शब्द काळ्या पडद्यावर एकाखाली एक गोळा झाले आणि दार मात्र कुठंच दिसेना.

"आता काय करू?" ती म्हणाली.

नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर पडून होता, एखाद्या पाहुण्यानं विसरून ठेवलेल्या पिशवीसारखा. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान डोलावली.

"हो काय? मी विचारलं काय, तू सांगतोस काय."

"तेवढंच," तो म्हणाला.

तिनं फोनवर शोधून काढलेली माहिती पुन्हा वाचली. कोणीतरी लिहिलं होतं की फायली लिहायच्या या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं हे विचारणारे जगात लाखो लोक आहेत. वाचून तिला धीर यायच्याऐवजी जास्तच अडकल्यासारखं झालं. खाली उपाय दिला होता, पण त्यातली कळ दाबली की पडद्यावर आणखी एक अक्षर उमटायचं.

"सरळ बंदच करू?" तिनं भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं. "करू ना?"

त्यानं मान डोलावली. नीट, सावकाश, दोनदा. तिनं बटण खाली केलं.

मशीनचा पंखा थांबला. कित्येक वर्षं या खोलीतून घरभर ऐकू येणारी घरघर बंद पडली.

ते मशीन त्याचं होतं. तो एका कॉलेजातले संगणक सांभाळायचा, आणि घरच्या मागच्या खोलीत त्यानं स्वतःच्या हौसेनं बोलता पेपर उभा केला होता. ज्यांची नजर गेलीय, किंवा जात चाललीय, अशा लोकांसाठी गावातले पाच-सात जण रोज संध्याकाळी बातम्या वाचायचे, आपापल्या घरून, फोनमध्ये. ते आवाज या मशीनमध्ये येऊन पडायचे. पहाटे मशीन आपलं आपणच ते एकापुढे एक जोडायचं. सकाळी एक नंबर फिरवला की सुप्रभातपासून हवामानापर्यंत सगळं ऐकू यायचं. मशीनवर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे काय, हे तिनं लग्नानंतर एकदा विचारलं होतं. त्यानं इतक्या उत्साहानं सांगायला घेतलं होतं की ती मधेच भाजीला फोडणी द्यायचं निमित्त करून उठली होती. तो विषय तिथंच राहिला.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधायला तो खाली वाकला आणि वर आलाच नाही. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. शब्दांतला एकच मागे राहिला. भूक लागली तरी तेवढंच, राग आला तरी तेवढंच, कोणी उशी सारखी करून दिली तरी तेवढंच. सूर मात्र दर वेळी वेगळा.

"त्या शब्दात अर्थ शोधत बसू नका," डॉक्टर म्हणाले होते. "जिभेला सापडतो म्हणून तो येतो."

चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची आणि घरात अरे. हॉस्पिटलात सदा चारचौघं असायची, त्यामुळे सगळे दिवस अहोच चाललं. घरी आणल्यावर, दार लावून ती पहिल्यांदा "अरे, पाणी हवंय का?" म्हणाली, तेव्हा त्यानं इतक्या झटकन मान वर केली की तिला वाटलं, आहे. सगळं आत आहे. नुसतं दार अडकलंय.

मशीनला मात्र यातलं काही कळलं नव्हतं. ते मागच्या खोलीत आपलं काम करत राहिलं, आणि एके दिवशी घड्याळवाल्या काकांचा फोन आला. डोळे जाईपर्यंत त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसायची, तिथली त्यांची जुनी ओळख. नंबर वाढत वाढत गेला आणि शेवटी भिंगांचा उपयोग उरला नाही, हेही तिनंच त्यांना सांगितलं होतं.

"बाई, तुमच्या पेपरात तो कारखानदार रोज वारतोय," काका म्हणाले. "रोज सकाळी! माणसाला एकदा मरू द्यावं की. आणि पाऊस येणार, पाऊस येणार म्हणतात. मी आपला छत्री घेऊन बसलोय."

तिनं मागच्या खोलीत जाऊन पडदा उजळला. जागा शिल्लक नाही, असं मशीन एकाखाली एक ओळीत सांगत होतं. नवं काही लिहायला जागाच नसल्यामुळे ते जुनाच दिवस पुन्हा पुन्हा वाजवत होतं.

दीर आला होता त्या दिवशी. कामाचा माणूस, वहिनीला मदत करायला एका पायावर तयार.

"वहिनी, द्या सोडून ते. दादाचं डोकं होतं म्हणून चालत होतं. मी साधं, सगळ्यांकडे असतं तसलं मशीन आणून देतो. टीव्ही दिसेल, गाणी लागतील."

"नको भावजी," ती म्हणाली. "त्यांचं आहे ते. आणि ते बसलेत ना सांगायला."

"सांगायला?" दीर म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली.

तिच्या म्हणण्याला आधार होता. मशीननं पासवर्ड मागितला तेव्हा तिनं नवऱ्याची खुर्ची पुढे ओढली होती. त्याचा डावा हात कळांवर गेला, जरा घोटाळला आणि मग सरसर चालला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. लिनक्समध्ये पासवर्डाच्या चांदण्याही दिसत नाहीत, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण मशीन उघडलं. तोंडाला जे येत नव्हतं ते बोटांना येत होतं. मग हो आणि नाही कळायला काय हरकत होती? ती विचारेल, तो मान हलवेल. एवढ्यावर माणसं संसार करतात. एक मशीन चालवता येणार नाही?

पहिल्याच दिवशी तिनं सगळं पुसलं.

जुनी ध्वनिमुद्रणं काढून टाकली की जागा होईल, एवढं तिला कळलं होतं. काढून टाकायची आज्ञा दोन अक्षरी होती. तिनं ती लिहिली, पुढे जुन्या फायलींच्या नावाची सुरुवात लिहिली आणि शेवटी चांदणी दिली, म्हणजे या नावानं सुरू होणारं सगळं. फक्त नाव आणि चांदणीच्या मधे तिच्याकडून एक मोकळी जागा सुटली. कागदावर अशी जागा म्हणजे काहीच नाही. मशीननं तिचा अर्थ लावला: हे पूस, आणि शिवाय इथलं सगळं पूस.

"दाबू?" तिनं विचारलं होतं.

त्यानं मान डोलावली होती.

संध्याकाळी वाचकांनी पाठवलेले ताजे आवाजही त्यात गेले. एकेकाला फोन करून पुन्हा वाचायची विनंती करावी लागली. ठळक बातम्या वाचणाऱ्या बाई पूर्वी निवेदिका होत्या. त्या म्हणाल्या, "मी एकदा वाचलेलं पुन्हा वाचत नाही. आवाजातला ताजेपणा जातो." मग अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा वाचून पाठवलं, आणि खरंच, ताजेपणा गेला होता.

तिनं त्या मान डोलावण्याचा खूप विचार केला. त्यानं पडदा नीट पाहिला नसेल? पाहिला तर होता. मग तिला आठवलं: कॉलेजात नवीन मुलं कामाला लागली की तो त्यांना एक जुनं मशीन द्यायचा आणि म्हणायचा, "मोडा. मोडल्याशिवाय कळणार नाही. मग आपण जोडू." मुलांचे चेहरे कसे व्हायचे ते तो जेवताना करून दाखवायचा. तिला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. शिकवतोय तो. मला चुकू देतोय. राग यायचा तो थोडा आला, पण त्याखाली बरंही वाटलं. आजारपणातसुद्धा स्वभाव गेला नव्हता.

म्हणून ती नेटानं लागली. सकाळी दुकानात जाण्याआधी आणि दुपारी दुकान मिटल्यावर. त्याचं जेवण, त्याचा व्यायाम, त्याच्या गोळ्या, आणि मग दोघं मशीनपुढे. जुनं सामान आपोआप पुसलं जावं म्हणून ती जोडणीच्या सूचनांची फाइल उघडून एक ओळ घालायला गेली, आणि त्या एडिटरमध्ये अडकली, आणि तिनं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर ते नेहमीसारखं उजाडलंच नाही. काळ्यावर पांढऱ्या ओळी आल्या. डिस्क बिघडलीय, हातानं तपासा, आणि तपासायची आज्ञा. तिनं ती जशीच्या तशी लिहिली. मशीन प्रश्न विचारू लागलं. अमुक आकड्याची गोष्ट कोणाचीच नाही, जागेवर लावू? तमुक आकड्याची चुकीची दिसते, साफ करू? इंग्रजी शब्द तिला कळत होते. ते कशाबद्दल आहेत, हे कळत नव्हतं.

"हो म्हणू?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. तिनं हो दाबलं.

"हे साफ करू म्हणतंय. हो म्हणू?"

हो.

"आणि हे?"

नाही. ठामपणे, ओठ मिटून.

"बरं. नाही. आता हे बघ, पुन्हा साफ करू म्हणतंय. हो म्हणू?"

हो.

प्रश्न संपेनात. ती विचारत राहिली, तो मान हलवत राहिला, कधी उभी, कधी आडवी. दुकानात जायची वेळ टळली तरी तिचं लक्ष नव्हतं. इतक्या दिवसांत त्यांचं एवढं सलग बोलणं झालं नव्हतं. एकदा तर तिनं विचारायच्या आधीच त्यानं मान हलवली आणि ती हसली. "थांब रे, वाचू तर दे." तोही हसला, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून.

मशीन उजाडलं. पण पहाटे पेपर काही जोडला गेला नाही. सूचनांची फाइल जिथं असायची तिथं नव्हतीच. अशी कोणतीही फाइल नाही, असं मशीन तिला शांतपणे सांगत होतं, जणू कधी नव्हतीच.

"अरे, काल आपण काय केलं?" ती म्हणाली.

"तेवढंच," तो म्हणाला. सूर समजुतीचा होता.

फोनवर वाचून वाचून तिला कळलं की लिनक्समध्ये हरवलं-सापडलं नावाचं एक फोल्डर असतं. डिस्क दुरुस्त करताना ज्या गोष्टींचा ठावठिकाणा लागत नाही, त्या तिथं नेऊन टाकतात. नावं गेलेली असतात. प्रत्येकीला नुसता आकडा. तिला ते नाव आवडलं. एसटी स्टँडवरही असते तशी एक खिडकी, छत्र्या आणि एकेकट्या चपलांची.

ती एकेक आकडा उघडून पाहू लागली. एकात हवामान निघालं, कुठल्या तरी गेलेल्या हिवाळ्याचं. एकात नुसता खोकला, आणि मग निवेदिकाबाई, "थांबा हं, पुन्हा घेते." एकात कोणाच्या तरी घरातलं मूल मागे रडत होतं. त्या सगळ्यांत एक लिहिलेली फाइल होती. ओळी तुटलेल्या, मधेच संपणारी.

"हीच ना रे? जोडणीची?"

त्यानं मान आडवी हलवली.

तिनं ती बाजूला ठेवली आणि उरलेले आकडे पालथे घातले. दुपार गेली. दुसरं काहीच निघेना, तेव्हा ती पहिल्या फायलीकडे परत आली आणि ओळ-ओळ लावून वाचू लागली. तीच होती. सुप्रभात, मग ठळक बातम्या, मग निधनवार्ता. क्रम स्पष्ट दिसत होता.

"अरे, हीच तर आहे!"

त्यानं मान डोलावली.

आपलाच प्रश्न उलटा पडला असेल, असं तिनं ठरवलं.

तुटलेल्या ओळी तिनं अंदाजानं पुऱ्या केल्या, फाइल जागेवर नेली, चालवायला गेली, तर परवानगी नाही. तिनं स्वतः लिहिलेली, तिच्याच घरात, आणि परवानगी नाही! सासूबाई होत्या तेव्हा स्वयंपाकघरात असंच व्हायचं. ती मोठ्यानं तसं म्हणालीसुद्धा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला विनोद कळला की नाही, हे कळलं नाही. परवानगी द्यायची वेगळी आज्ञा असते. ती सापडायला आणखी एक दुपार गेली.

मग पेपर वाजला.

"बाई," घड्याळवाले काका सकाळीच फोनवर, "आज आधी सगळे वारले आणि मग सुप्रभात झालं."

क्रमाचा घोटाळा तिला तीन सकाळी छळत होता. तिनं प्रत्येक आवाजाच्या नावाआधी आकडा घातला होता, एक, दोन, तीन, थेट दहापर्यंत. तरी दहावं हवामान दुसऱ्या बातमीच्या आधी घुसायचं. नवरा खुर्चीत डुलकी घेत होता, म्हणून विचारायला कोणी नव्हतं. ती नावांच्या यादीकडे नुसती बघत बसली. एक, दहा, दोन, तीन. एक, दहा, दोन. मग लक्षात आलं की मशीन आकडे मोजतच नाही. ते अक्षरं लावतंय, शब्दकोशासारखी. दहामधला एक त्याला आधी दिसतो. तिनं प्रत्येक एकेरी आकड्याच्या आधी शून्य लावलं, आणि सगळे मुकाट ओळीत उभे राहिले.

ती टाळी वाजवणार होती. तो झोपलेला होता म्हणून नुसतेच हात जुळवून बसली.

"सरांना सांगा, आता घडी बसली," काका म्हणाले. "माणूस अंथरुणावरूनसुद्धा काम सोडत नाही बघा."

तिनं फोन नवऱ्याच्या कानाला लावला. "तेवढंच," तो म्हणाला. पलीकडून काकांचं हसू ऐकू आलं. "मोठेपणा नकोच असतो तुम्हाला."

दीर रविवारी आला, तो मशीनसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "म्हणजे दादानंच शिकवलं म्हणायचं. नुसती मान हलवून!"

"मग काय," ती म्हणाली. ते म्हणताना तिचा ऊर भरून आला.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक म्हातारी आली. सून सोबत होती, बाहेर बसली. म्हातारी तपासणीच्या खुर्चीत अंग चोरून बसली आणि प्रत्येक भिंगाला "छान दिसतंय" म्हणू लागली. अशी माणसं येतात. त्यांना उत्तर चुकायची भीती असते, किंवा समोरच्याचं मन मोडवत नाही. त्यासाठी तिच्याकडे एक साधी युक्ती होती. तिनं भिंग लावलं, काढलं, आणि तेच भिंग पुन्हा लावलं.

"आता बरं की मघाशी बरं?"

"आत्ता बरं. खूपच बरं."

"आणि आता?" भिंग तेच.

"हे तर फारच छान."

एरवी ती मनातल्या मनात हसायची आणि दुसऱ्या मार्गानं जायची. आज तिच्या हातात भिंग तसंच राहिलं. म्हातारी वाट पाहत होती. "चुकलं का माझं?" म्हणाली.

"नाही आजी," ती म्हणाली. "माझंच जरा… पुन्हा बघू."

दुपारी घरी आल्यावर तिनं चप्पल काढली नाही. तो खिडकीजवळ बसला होता. ती त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली, दुकानात बसते तशी, डोळे समान पातळीवर येतील अशी.

"पंखा लावू?"

त्यानं मान डोलावली.

तिनं पुन्हा विचारलं. "पंखा नको ना?"

त्यानं मान डोलावली.

"आज ऊन आहे ना बाहेर?" हो. "पाऊस पडतोय ना?" त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीवर लख्ख ऊन होतं. हो.

तिला तिथंच थांबता आलं असतं. पण तपासणी अर्धी सोडायची तिला सवय नव्हती.

"मी तुझी बायको ना?"

हो.

"मी तुझी बहीण ना?"

हो. तितक्याच मनापासून. मग तिच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असावं. त्यानं घाईनं मान आडवी हलवली, पुन्हा डोलावली, पुन्हा आडवी, आणि तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू तिनं त्याला एखादा खोल जिना उतरायला सांगितला होता आणि पायरी कुठं आहे तेच त्याला दिसत नव्हतं.

"असू दे," ती म्हणाली. "असू दे रे. काही नाही."

तिनं पंखा लावला. मग बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. पुसायची आज्ञा, भिंतीवरचं बटण, साफ करू, साफ करू, हीच ना, हो, नाही, हो. ती एकेक प्रसंग मागे जाऊन पाहत होती आणि दर वेळी तिला तिथं ती स्वतः एकटीच दिसत होती. शिकवणारं कोणी नव्हतं. मग हे सगळं आलं कुठून? तिला वाटलं, निदान अभिमान तरी वाटावा. तसंही काही वाटेना. डोक्यात नुसती घरघर.

मग एक वेगळीच गोष्ट आठवली आणि तिनं ओट्याची कड धरली. रोज सकाळी त्याचा उजवा खांदा चोळून देताना ती विचारायची, "दुखतंय का?" आणि तो मान आडवी हलवायचा. ती आणखी जोर द्यायची.

ती बाहेर आली. त्याच्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवला, अगदी हलका, आणि काही न विचारता त्याच्या तोंडाकडे पाहत बोटं हळूहळू सरकवली. मानेजवळ काही नाही. खांद्याच्या मागे काही नाही. काखेच्या वर आल्यावर त्याची डावी पापणी लवली आणि श्वास अडला. तिनं हात तिथून उचलला.

"कळलं," ती म्हणाली.

दोन-तीन दिवस ती मशीनपुढे बसलीच नाही. पेपर आपला आपण जोडला जात होता. तो मात्र दुपार झाली की डाव्या हातानं भिंत धरत, उजवा पाय ओढत मागच्या खोलीत जायचा आणि आपल्या खुर्चीत बसून राहायचा. चौथ्या दुपारी ती दारात उभी राहून त्याला पाहत होती. तो बंद पडद्याकडे बघत होता. मग त्यानं तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

ती आत गेली. पडदा उजळला. जोडणीच्या सूचनांची एक नक्कल केली आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवली. वाचकांचे आवाजही ठेवले. आज्ञा लिहिताना मधल्या मोकळ्या जागा तिनं बोट लावून तपासल्या. दाबू का, असं तिनं कोणाला विचारलं नाही. नक्कल झाल्याचं पाहून ती उठली, त्याची खुर्ची मधोमध ओढली आणि कळफलक डाव्या हाताला येईल असा सरकवला.

तो गोंधळला. हात मांडीवरच राहिला.

"तुझंच आहे," ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं त्याचं एक बोट वर आलं. एक अक्षर. दुसरं शोधायला त्याला पूर्ण कळफलक फिरावा लागला. ज्या हातानं पासवर्ड सरसर लिहिला होता तोच हात आता अनोळखी गल्लीत घर शोधावं तसा हिंडत होता. तीन अक्षरं झाली. त्यानं एन्टर दाबलं.

अशी आज्ञा सापडली नाही, मशीन म्हणालं.

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो पुढे झुकला. ती ओळ त्यानं डावीकडून उजवीकडे वाचली, ओठ हलवत, मग पुन्हा. मागे टेकला नाही. बोट पुन्हा निघालं. या वेळी अक्षरं जास्त होती. मधे एकदा चुकलं तसं त्यानं ते स्वतःच खोडलं आणि दुसरं घातलं. शेवटचं अक्षर झाल्यावर बोट एन्टरच्या वर येऊन थांबलं, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं. भुवया वर गेलेल्या.

तिनं पडद्याकडे नजर टाकली. तो शब्द तिनं कधी वाचला नव्हता. आज्ञा असेल, नसेल. त्यानं काय होईल याची तिला काही कल्पना नव्हती.

तिची मान हलायला निघाली होती. ती तिनं थांबवली, आणि स्टूल जरा मागे घेतलं.

"बघ करून," ती म्हणाली.